चुन्याचे आकडे पुसण्याआधी या: वनमंत्र्यांना खुले पत्र

माननीय वनमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सादर नमस्कार.

गेल्या आठवड्यात आमच्या पोफळीच्या बागेच्या माथ्यावरचा डोंगर तीन रात्रींत उघडा करण्यात आला. सकाळी वर जाऊन मी ऐन, किंजळ आणि जांभ्याचे 212 बुंधे मोजले. दोन-चारांची चूक असेल, कारण शेवटी डोळ्यांना नीट दिसत नव्हते. मागच्या वर्षी ग्रामसभेत एका अधिकाऱ्याने सर्वांसमक्ष शब्द दिला होता की, जागेची पाहणी झाल्याखेरीज या डोंगरावर एक फांदीही तुटणार नाही. पहिल्या रात्री मी त्यांना सहा वेळा फोन केला, तेव्हा ते बैठकीत होते. रात्री अकरा वाजता कसली बैठक चालते, हे आपण जाणत असाल.

तक्रार घेऊन गेलो तेथे सांगण्यात आले की जमीन मालकीची आहे, सबब दुसरीकडे जा. दुसरीकडे सांगितले की झाडांचा विषय पहिल्यांचाच आहे. न्यायालयांची अवस्थाही आमच्यासारखीच दिसते. उच्च न्यायालयाने 2013 साली आमच्या दोडामार्ग तालुक्यात वृक्षतोडीवर बंदी घातली. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातील 25 गावे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रात घेण्याविषयी मार्च 2024 मध्ये त्याच न्यायालयाने पुन्हा बजावले. पश्चिम घाट राखण्याविषयीचा गाडगीळ समितीचा अहवाल 2011 चा. घाटातले असे संवेदनशील क्षेत्र ठरवणाऱ्या अधिसूचनेचा सहावा मसुदा जुलै 2024 चा. मसुदे वाढत गेले, तसे डोंगर कमी होत गेले.

माझ्या वडिलांनी स्वतः खणलेला पाट या डोंगरातल्या झऱ्यावर चालतो. यंदा फेब्रुवारीतच त्याची धार करंगळीएवढी झाली होती आणि आता त्यातून तांबडा गाळ येतो. चाळीस वर्षे जोपासलेली पोफळ माझ्यादेखत पिवळी पडत आहे, अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई रोज पाटाशी जाऊन बसते आणि पाणी आले का, एवढेच विचारते. यावर मी कोणत्या नमुन्यात अर्ज करावा?

डोंगर विकणारे आमचेच भाऊबंद आहेत, हे मी लपवत नाही. पण उभ्या रानाबद्दल सातबाऱ्यावरच्या माणसाला एक पैसा मिळत नाही आणि तोडल्यावर मात्र रोख मिळते, ही व्यवस्था त्यांनी केलेली नाही. विकासकामांसाठी जंगल तोडल्याच्या बदल्यात जमलेल्या भरपाई वनीकरणाच्या निधीतून केंद्राने ऑगस्ट 2019 मध्ये राज्यांना 47 हजार कोटींहून अधिक रुपये दिले. म्हणजे तोडल्याचे पैसे कोटींत मोजले जातात आणि राखणाऱ्याच्या हाती काहीच पडत नाही. त्याच वर्षी आपल्या राज्याने 33 कोटी रोपांचा संकल्प सोडला होता. आमच्या वाट्याची रोपे रस्त्याकडेला लागली. त्यांचे फलक अजून टिकून आहेत.

उद्या त्या डोंगरावर रबर लागेल आणि काही वर्षांनी उपग्रहाला तो पुन्हा हिरवा दिसेल. एक हेक्टर क्षेत्रावर दहा टक्के छत्र दिसले की वनसर्वेक्षणात ते वनाच्छादन ठरते. मालक कोण आणि झाडे कसली, याची चौकशी होत नाही. म्हणजे आमचा डोंगर कागदावरून कधी गेलेलाच नसेल. डोंगराळ भागाचा दोन तृतीयांश हिस्सा वनाखाली असावा, असे 1988 चे राष्ट्रीय वनधोरण सांगते. ते अशाच हिशेबाने पूर्ण करायचे असेल, तर आम्हालाही तसे कळवावे. आम्ही झरासुद्धा उपग्रहालाच दाखवू.

मागणे फार नाही. पंचनामा करावा, लाकडाच्या वाहतुकीचे परवाने कोणी व कशाच्या आधारे दिले ते ग्रामसभेपुढे ठेवावे आणि त्या डोंगरावरचे उरलेले काम थांबवावे. प्रत्येक बुंध्यावर मी चुन्याने क्रमांक घातले आहेत. मृगाचा पहिला पाऊस पडला की ते धुऊन जातील, म्हणून त्याआधी कोणाला तरी पाठवावे. वाट दाखवायला मी पाटाशी थांबेन.

आपला,
दोडामार्ग तालुक्यातील एक बागायतदार