‘ते काय औषध शे का?’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात वडिलांचे हर्नियाचे ऑपरेशन जळगावच्या एका दवाखान्यात ठरले होते. आदल्या दिवशी फॉर्म भरताना सिस्टरने विचारले, ‘बाबा, औषधं कोणती चालू आहेत?’ त्यांनी शुगरची गोळी सांगितली, बाकी काही नाही म्हणाले. ‘सकाळी ती गोळी घेऊ नका, पोट रिकामं ठेवा,’ असे सिस्टरने बजावले. वडिलांनी गोळी घेतली नाही. पण पहाटे पिशवीतली बाटली काढून कारल्याचा रस प्यायले, वर चमचाभर जांभूळबियांचे चूर्ण. ते उपाशीपोटीच घ्यायचे असते ना! आठच्या सुमारास बंडी घामाने चिंब, हात थरथरताहेत. शुगर ५८. सलाईनमधून ग्लुकोज चढवले, ऑपरेशन पुढे गेले. भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी बाटली पाहून विचारले, हे काल का नाही सांगितलं? वडील म्हणाले, ‘ते काय औषध शे का?’

ते खोटे बोलले नव्हते. आपल्याकडे औषध म्हणजे मेडिकलमधून येते ते. बाजारच्या दिवशी घेतलेली मुळी, शेजारणीने दिलेला काढा, घरचे चूर्ण हे त्यात धरतच नाहीत.

डॉक्टरबाईंनी मग बरेच समजावले. रोज मूठभर कच्चा लसूण किंवा त्याच्या कॅप्सूल घेणाऱ्याच्या रक्तातल्या प्लेटलेट नीट चिकटत नाहीत, टाके घालतानाही रक्त झिरपत राहू शकते. नव्या प्लेटलेट यायला आठवडा-दहा दिवस लागतात. (भरीतातल्या लसणाला त्यांची हरकत नाही, हे वडिलांनी आवर्जून विचारून घेतले.) ज्येष्ठमध फार दिवस घेतला तर पोटॅशियम घटते, बीपी चढते. अश्वगंधेने भुलेची गुंगी वाढू शकते. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांची संघटना तर अशी वनौषधी दोन आठवडे आधी थांबवायला सांगते. आपल्याकडे ऑपरेशनची तारीखच चार दिवस आधी कळते, म्हणून सांगणे जास्त गरजेचे.

मात्र सगळेच आपल्या मनाने बंद करू नये. सांधेदुखीवर ‘दोन दिवसांत गुण’ देणाऱ्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले अनेकदा सापडले आहे. महिनोन्‌महिने घेतलेली अशी पुडी एकदम सोडली, तर ऑपरेशनच्या टेबलावर बीपी कोसळू शकते.

म्हणून दवाखान्यांना विनंती आहे. ‘औषधे चालू आहेत का’ एवढ्यावर थांबू नका. काढा, चूर्ण, रस, मुळी, पुडी, झाडपाला अशी नावे घेऊन विचारा, जमल्यास अहिराणीत. फॉर्मवर एक ओळ वाढवायला खर्च येत नाही. गावात आशाताईंनीही विचारावे, त्यांना घरातल्या बरण्या माहीत असतात.

वडिलांना पुढची तारीख मिळाली आहे. काल त्यांची पिशवी मीच भरली, तर तळाशी कागदाची एक पुडी निघाली. गुडघ्यांसाठी आहे म्हणे, दिवाळीपासून चालू. ती घेऊन उद्या डॉक्टरबाईंकडे जातो आहे.

आपला,
एक वाचक, यावल तालुका, जि. जळगाव