चपलांची रांग

पुणे, रविवार रात्र

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार. आठ महिने तुला पत्र नाही, फोनही नाही. आज लिहितो आहे ते आत्यामुळे, कारण तिने मला तो प्रश्न विचारला तेव्हा तूही चुलीपाशी भाकरी मोडत बसला होतास. माझी पाठ आता बरी आहे.

"पैशाचंच शिकतोस ना, मग सांग, पैसे ठेवू कुठं?" असे तिने विचारले आणि एम.ए.च्या पहिल्या सत्राच्या ताज्या विद्वत्तेने मी तिला ठेव विम्याचा, म्हणजे बँक बुडाली तरी ठेवीदाराला ठरावीक रकमेपर्यंत पैसे देणाऱ्या विम्याचा, सबंध इतिहास ऐकवला. १९६० मध्ये केरळातली पलई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, म्हणून १९६२ पासून विमा आला. तेव्हा संरक्षण १५०० रुपयांचे होते, १९९३ मध्ये ते १ लाख झाले, २०२० पासून ५ लाख. आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर बँकेवर निर्बंध आले तरी ९० दिवसांत पैसे मिळतात. तू मध्येच म्हणालास, "आत्या, याला आधी पिठलं वाढा," आणि त्यावरून आपण एस.टी. स्टँडपर्यंत भांडलो. तुझे बरोबर होते, हे आज लेखी देतो. कारण एवढे पाल्हाळ लावूनही हा विमा बँकांपुरता आहे, पतसंस्थांना नाही, हे एक वाक्य मी उच्चारले नाही. आत्याच्या लेखी बाजारपेठेतली पतसंस्था म्हणजे बँकच. शिवाय तिथे दीड टक्का व्याज जास्त. तिने साडेतीन लाख तिथे ठेवले.

दिवाळीनंतर संस्थेने पैसे देणे थांबवले. मी गेलो तेव्हा शटर अर्धे खाली होते आणि पायरीपासून पानटपरीपर्यंत चपलांची रांग होती. माणसे सावलीत बसली होती, नंबर चपलांनी धरला होता. त्याच आठवड्यात मला डायमंड आणि डिबविग या अर्थशास्त्रज्ञांच्या १९८३ च्या मांडणीवर वीसपैकी अठरा गुण मिळाले होते. ठेवी हव्या तेव्हा मागता येतात, कर्जे मात्र वर्षानुवर्षे अडकलेली असतात. म्हणून सुस्थितीतली संस्थाही सगळे एकदम आले तर कोसळते, आणि बाकीचे येतील या धास्तीनेच जो तो धावतो. २०२२ चे नोबेल मिळवणारी ही मांडणी मी पाठ म्हणून दाखवीन. तिच्यात ठेवीदार दोनच प्रकारचे असतात, आज गरज असलेले आणि थांबू शकणारे. आत्याने आपली चप्पल उचलून तिथे एका बाईची ठेवली, कारण त्या बाईची सून दवाखान्यात होती. आत्याला कोणत्या प्रकारात घालू, ते सरांना विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

खरी टोचणी पुढेच आहे. आत्याने कालनिर्णयावर रोज एक फुली मारायला सुरुवात केली आहे. नव्वद दिवस भरले की विम्याचे पैसे येतील, तू सांगितले होतेस ना, असे ती म्हणते. परवा एकेचाळीस फुल्या होत्या. सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे द्यायचा अर्ज मी लिहून ठेवला आहे, पण त्यावर तिची सही घ्यायची तर आधी ते राहिलेले वाक्य बोलावे लागेल.

तुझी बदली झाली का? वहिनींची शाळा आणि चिमणीचे दात यांविषयी सविस्तर कळव.

शनिवारी मी गावी जातो आहे. जमल्यास ये. पिठले ती करीलच. मी पुन्हा इतिहास सांगू लागलो तर मला अडवायला तू हवास.

तुझा,
अण्णा