रोपे लावून झाली, हरकती कोण नोंदवणार?

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार वि. वि.

जून उजाडला की आपल्या दैनिकासह सीमाभागातील सगळ्याच मराठी वृत्तपत्रांची पाने वृक्षारोपणाच्या छायाचित्रांनी भरून जातात. रोप एक आणि त्याला धरणारे हात दहा, असे त्या छायाचित्रांबद्दल थट्टेने म्हटले जात असले, तरी या कामाची थट्टा करण्यासाठी मी हे पत्र लिहीत नाही. बेळगावात रविवारची सकाळ मोडून रोपे लावणारे आणि उन्हाळ्यात त्यांना पाणी घालणारे ग्रीन सेव्हियर्ससारखे गट आहेत, देणग्या उभ्या करून गाळाने भरलेले तलाव मोकळे करणारी प्यास फाउंडेशनसारखी संस्था आहे, आणि खानापूर तालुक्यात नाव नसलेली, नोंदणी नसलेली, पण वणवा लागला की हिरव्या फांद्या घेऊन धावणारी तरुण मंडळी आहेत. या सर्वांविषयी आदर बाळगूनच एक गोष्ट मांडावीशी वाटते. आपल्याकडील स्वयंसेवी पर्यावरण चळवळीची जवळजवळ सगळी शक्ती नवे लावण्यात खर्च होते आणि उभे आहे ते राखण्यासाठी जे लेखी, मुदतीत आणि चिकाटीने करायचे काम असते, त्याला माणसे उरत नाहीत.

बेळगाव-खानापूर-लोंढा-अनमोड हा रस्ता ज्यांनी रुंदीकरणापूर्वी पाहिला आहे, त्यांना मी काय म्हणतो ते लगेच समजेल. दोन्ही बाजूंच्या वड, जांभूळ, आंबा, चिंच अशा जुन्या झाडांनी तो रस्ता भर मे महिन्यातही सावलीत ठेवला होता. झाड तोडण्यापूर्वी त्याच्या बुंध्याची वीतभर साल तासतात आणि त्या उघड्या जागेवर रंगाने क्रमांक घालतात. तो क्रमांक दिसला की गावकरी हळहळतात, कोणी भ्रमणध्वनीवर छायाचित्र काढतो, समाजमाध्यमांवर संताप व्यक्त होतो आणि एखाद्या चौकात मानवी साखळीही होते. वास्तविक क्रमांक पडण्याच्या कितीतरी आधी प्रस्ताव, पाहणी आणि परवानगी यांचा प्रवास कागदावर पूर्ण झालेला असतो. कर्नाटकात 1976 चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. त्याच्या कक्षेतील भागात सार्वजनिक कामासाठी 50 हून अधिक झाडे तोडायची असल्यास वृक्ष अधिकाऱ्याने जाहीर सूचना काढून नागरिकांच्या हरकती मागवाव्यात, अशी तरतूद त्यात आहे. हरकतींची मुदत थोड्या दिवसांची असते. त्या थोड्या दिवसांत किती झाडे, कोणत्या जातीची, किती घेराची, त्यांपैकी किती वाचवता येतील, रस्त्याची आखणी कोठे हातभर सरकवता येईल, एवढे मुद्दे लिहून पोच घेतलेली हरकत आणि नंतर काढलेला मोर्चा यांत परिणामाच्या दृष्टीने मोठा फरक पडतो. न्यायालय असो वा चेन्नईतील राष्ट्रीय हरित लवादाचे दक्षिण पीठ असो, तेथे पहिला प्रश्न हाच विचारला जातो की आपण वेळेत हरकत घेतली होती काय.

बेळगावजवळच्या हलगा-मच्छे बायपासच्या शेतकऱ्यांनी हे आपल्यापेक्षा आधी ओळखले. ते स्वतःला पर्यावरणवादी म्हणवून घेत नाहीत, त्यांना आपली पिकाऊ जमीन वाचवायची आहे. पण सातबाऱ्याच्या धर्तीवरील उताऱ्यांपासून अधिसूचनेच्या प्रतींपर्यंत सर्व कागद जपून ते न्यायालयात गेले आणि वेळोवेळी त्यांनी काम थांबवून दाखवले. व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत स्मार्ट सिटीची बांधकामे सुरू झाली तेव्हाही नागरिकांनी आवाज उठवला, परंतु अशा प्रत्येक वेळी वकील कोणता, कागद कोणाकडे आणि खर्च कोण करणार यांची जुळवाजुळव पहिल्यापासून करावी लागते. एका लढ्याचे दप्तर पुढच्या लढ्याला उपयोगी पडत नाही, कारण ते कोणाच्या तरी घरातील कपाटात बंद असते.

आता भाषेविषयी. सीमाभागात हा विषय काढला की लगेच त्याला वेगळे वळण लागते, म्हणून मी शक्य तितक्या जपून लिहीत आहे. खानापूर तालुक्यातील आणि बेळगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातील पन्नाशी ओलांडलेल्या शेतकऱ्यांपैकी फार मोठ्या वर्गाचे शिक्षण मराठी शाळेत झाले आहे. ग्रामपंचायतीच्या फलकावर घरपट्टीच्या आणि औषध फवारणीच्या कागदांखाली अर्धी झाकलेली कन्नड सूचना त्यांना वाचता येत नाही आणि सोबतची इंग्रजी प्रतही वाचता येत नाही. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याकांचे प्रमाण 15 टक्क्यांहून अधिक आहे, तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात, हे संरक्षण देशपातळीवर मान्य झालेले आहे. मराठी संघटना ते दाखल्यांसाठी आणि फलकांसाठी मागतात, परंतु जंगल, नदी आणि रस्त्याच्या आखणीविषयीच्या सूचनांसाठी ते मागितल्याचे क्वचितच ऐकू येते. 2020 मध्ये केंद्राने पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या (प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याच्या आधी करायच्या तपासणीच्या) नव्या अधिसूचनेचा मसुदा मोजक्या भाषांत काढला, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने तो राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातील भाषांत उपलब्ध करून द्यावा असा आदेश दिला होता. कर्नाटक उच्च न्यायालयातही एका पर्यावरण संघटनेने याच मुद्द्यावर दाद मागितली आणि अंतिम अधिसूचना काढण्यास स्थगिती मिळवली. लोकांना कळेल अशा भाषेत सूचना देणे हा पर्यावरण कायद्याचाच भाग आहे, हे त्यातून स्पष्ट झाले, आणि ही मागणी सीमाप्रश्नात न ओढता स्वतंत्रपणे करता येण्यासारखी आहे.

मात्र हाच न्याय आपल्यालाही लागू होतो. मराठी मंडळी मराठीतून सभा घेतात, कन्नड मित्र कन्नडमधून घेतात, आणि एकाच तलावासाठी दोन निवेदने दोन वेगवेगळ्या दिवशी जिल्हाधिकारी कार्यालयात जातात. अधिकाऱ्याला दोन्ही बाजूंना झुलवत ठेवायला यापेक्षा सोयीची परिस्थिती कोणती? बळ्ळारी नाल्याला पूर आला की शहापूर, वडगाव, येळ्ळूर शिवारातील भात कुजते, आणि ते मराठी शेतकऱ्याचे की कन्नड शेतकऱ्याचे याची चौकशी नाला करीत नाही. हरकतीचा मसुदा कन्नडमध्ये आणि मराठीत शेजारी शेजारी छापावा, दोन्ही बाजूंच्या सह्या एकाच कागदावर घ्याव्यात. काम एवढे साधे आहे, आणि तरीही ते होत नाही.

खानापूरच्या रानातून गोव्यात वाहणाऱ्या म्हादई नदीच्या पाण्याच्या प्रश्नात तर या फुटीची किंमत फार मोठी आहे. म्हादई जलतंटा लवादाने 14 ऑगस्ट 2018 रोजी दिलेल्या निवाड्यात कर्नाटकाच्या वाट्याला 13.42 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी आले. त्यापैकी कळसा नाल्यातून 1.72 आणि भांडुरा नाल्यातून 2.18 टीएमसी पाणी मलप्रभा नदीत वळवायचे आहे. डिसेंबर 2022 मध्ये केंद्रीय जल आयोगाने सुधारित प्रकल्प अहवालाला मान्यता दिली. ही पिण्याच्या पाण्याची योजना असल्याने तिला पर्यावरणीय आघात मूल्यांकनाची अट लागू होत नाही, अशी भूमिका केंद्रीय मंत्रालयाने 2019 मध्ये घेतली होती. ती भूमिका मान्य केली, तर कणकुंबी आणि नेरशाच्या लोकांपुढे जनसुनावणी होण्याचा प्रश्नच उरत नाही आणि हरकतीसाठी वन आणि वन्यजीव परवानग्यांचे टप्पे तेवढे उरतात. ते प्रस्ताव केंद्राच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर इंग्रजीत नोंदवलेले असतात. महिन्यातून एकदा संकेतस्थळ उघडून खानापूर तालुक्यासंबंधी काय नवे आले आहे ते पाहणारा आणि त्याचा गोषवारा मराठीत व कन्नडमध्ये गावोगावी पोहोचवणारा एक जरी गट असता, तरी या तालुक्यातील चर्चेचा दर्जा वेगळा राहिला असता.

या प्रश्नाची दुसरी बाजू नजरेआड करून चालणार नाही. मलप्रभेच्या खोऱ्यातील नरगुंद-नवलगुंदच्या शेतकऱ्यांनी 2015 पासून या पाण्यासाठी दीर्घ आंदोलन केले आहे आणि त्यांची टंचाई खोटी नाही. खानापूरचे निसर्गप्रेमी त्यांच्याकडे जाऊन बोलत नाहीत, त्यामुळे तिकडे आपली प्रतिमा ‘गोव्याची बाजू घेणारे’ अशी झाली आहे. वास्तविक त्यांच्या हिताचाच मुद्दा आपल्या हाती आहे. मलप्रभा ज्या कणकुंबीत उगम पावते, त्याच डोंगराळ रानाच्या दुसऱ्या उतारावर म्हादईचे झरे आहेत. सौंदत्तीजवळच्या नविलुतीर्थ धरणाची साठवण क्षमता सुमारे 37 टीएमसी आहे, आणि त्या धरणात पावसाळा संपल्यावरही जे पाणी येत राहते, ते या रानातील जांभ्या दगडाने आणि पालापाचोळ्याने धरून ठेवलेले असते. कालवे, जलवाहिन्या आणि त्यांच्यासाठीचे रस्ते यांनी ते रान तुकड्यातुकड्यांनी उघडे पडले, तर वळवलेले पाणी मिळेल तेव्हा मिळेल, पण आज विनामूल्य येणारे पाणी घटण्याचा धोका आहे. हे नरगुंदमध्ये, कन्नडमध्ये, तेथील शेतकऱ्यांच्या बैठकीत बसून कोणी सांगितले पाहिजे. त्या भागातील भरपूर पाणी पिणाऱ्या उसाविषयीही तेथेच बोलता येईल. बेळगावात बसून पत्रके काढल्याने ते होणार नाही.

भीमगड अभयारण्याविषयीही असेच थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. 2011 मध्ये घोषित झालेल्या या सुमारे 190 चौरस किलोमीटरच्या अभयारण्यात तळेवाडीजवळ बारापेडेची गुहा आहे. रॉटनचे वटवाघूळ या नावाने ओळखली जाणारी जात 1913 मध्ये याच गुहेतील नमुन्यांवरून शास्त्राला माहीत झाली, आणि पुढे मेघालय आणि कंबोडियात आढळेपर्यंत जगात तिचे हे एकच ठिकाण ठाऊक होते. अशा जागेचे संरक्षण हवेच. पण त्याच रानात आमगाव, कृष्णापूर, गवाळीसारखी मराठी बोलणारी गावे आहेत, आणि 2024 च्या पावसाळ्यात आमगावच्या एका आजारी महिलेला रस्त्याअभावी माणसांच्या खांद्यावरून कित्येक किलोमीटर वाहून आणावे लागले. शहरातील निसर्गप्रेमी गट गुहेवर व्याख्याने ठेवतात आणि त्या गावांच्या प्रश्नावर गप्प बसतात. ज्यांना स्थलांतर हवे आहे त्यांना ते सन्मानाने आणि पूर्ण मोबदल्यासह मिळावे, ज्यांना नको आहे त्यांना 2006 च्या वनहक्क कायद्याखालील दावे भरून देण्यास मदत व्हावी, हेही संवर्धनाचेच काम समजले पाहिजे. वणवा लागल्याची खबर सर्वांत आधी त्याच लोकांना लागते, एवढे तरी लक्षात ठेवावे.

हे सगळे कोणत्या चौकटीत बसवायचे, असा प्रश्न येईल. नवी संस्था काढायची गरज नाही, संस्था आपल्याकडे भरपूर आहेत. 2002 च्या जैवविविधता कायद्याच्या 41 व्या कलमानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि नगरपालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची असते. हरित लवादाने 31 जानेवारी 2020 ची मुदत घालून उशिरासाठी राज्यांना महिना 10 लाख रुपयांचा भुर्दंड सुनावल्यावर देशभर या नोंदवह्या झपाट्याने पूर्ण झाल्या, आणि त्या घाईच्या खुणा त्यांच्यावर दिसतात. गावच्या देवराईतील झाडे, कुंभा आणि किंजळ कोठे उरले आहेत, करवंद, तोरण आणि अळू कोणत्या माळावर मिळतात, येळ्ळूर-शहापूरच्या शिवारातील बासमती कोणत्या घरांनी अजून राखली आहे, बारमाही झरे किती आणि त्यांतले चैत्रात आटतात ते कोणते, ही माहिती गावातील वृद्धांकडे आहे आणि ती त्यांच्या मराठीतच आहे. स्वयंसेवकांनी रविवारचे दोन तास त्यासाठी दिले आणि नोंदवहीत दुरुस्ती करावी असा ग्रामसभेचा ठराव करून घेतला, तर उद्या रस्त्याचा किंवा कालव्याचा प्रस्ताव आला असता हरकतीला जोडण्यासाठी सरकारमान्य दस्तऐवज हाताशी असेल. कागदाला कागदानेच उत्तर द्यावे लागते.

मनुष्यबळाची चणचण सांगितली जाते, ती मला पटत नाही. ज्या शहरातील गणेश मंडळे मिरवणुकीसाठी रात्रभर शेकडो कार्यकर्ते रस्त्यावर उभे करू शकतात आणि कपिलेश्वर तलावावरील विसर्जनाची व्यवस्था सांभाळू शकतात, तेथे हरकतीचा अर्ज लिहिणारी पाच माणसे प्रत्येक उपनगरात मिळणार नाहीत, हे कसे मानायचे? 1995 च्या टंचाईत राकसकोप जलाशयाचे पाणी कमी पडल्यावर शहरातील जुन्या विहिरींचा शोध घेऊन त्या उपसण्याचे काम झाले होते आणि त्या विहिरींनी शहराला आधार दिला. आज त्यांपैकी कित्येकींच्या काठावर कचरा आहे. 1924 च्या काँग्रेस अधिवेशनासाठी खोदलेली टिळकवाडीची काँग्रेस विहीर तेवढी लोकांना ठाऊक आहे, बाकीच्यांची यादीसुद्धा सामान्य नागरिकाला सहज मिळत नाही. ती माहितीच्या अधिकारात मागण्यास 10 रुपये लागतात.

शेवटी आपणास एक विनंती आहे. वृक्षतोडीच्या, जनसुनावणीच्या आणि वनजमीन वळवण्याच्या बेळगाव व खानापूर तालुक्यांसंबंधीच्या जाहीर सूचना कन्नड आणि इंग्रजी वृत्तपत्रांत येत असतात. त्यांचा मराठी गोषवारा, हरकतीची अंतिम तारीख आणि हरकत स्वीकारणाऱ्या कार्यालयाचा पत्ता, एवढा मजकूर आठवड्यातून एकदा ठरावीक जागी आपल्या दैनिकाने छापावा. त्यासाठी अर्धा रकाना पुरेल. सूचना शोधून त्यांचा अनुवाद करून देणारे काही निवृत्त शिक्षक आणि वकील खानापुरात तयार आहेत. आपण होकार कळवल्यास पुढच्या आठवड्यापासून मजकूर पाठवता येईल.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक
खानापूर, जि. बेळगाव