आभार, वाटेवरच्या अनोळखी हातांचे

नातेवाईक, जुने दोस्त यांच्या ओढीने एकट्याने गाडी घेऊन कोकणात उतरणाऱ्या सगळ्यांकडून हे मनापासून आभार.

पहिला मान पंक्चरवाल्यांचा. ट्यूबलेस टायरमधला खिळा वाटेत उपटू नका, हवा झटकन जाते, हे तुम्हीच शिकवलंत. साबणाच्या पाण्याचे बुडबुडे बघायचे, खिळ्याच्याच दिशेने टोचा फिरवून भोक साफ करायचं आणि मग चिकट रबरी दोरी बसवायची. चीर टायरच्या बाजूला असेल तर दोरी टिकत नाही, कारण तो भाग सतत दबतो. तेव्हा कमाई सोडून तुम्ही स्टेपनीच लावायला सांगता. हा प्रामाणिकपणा फार मोठा आहे.

आंबा घाटात थांबून मदत करणाऱ्या ट्रकवाल्यांनो, तुमचेही आभार. उतारावर न्यूट्रल नाही, दुसरा गिअर. ब्रेक दाबूनच ठेवले तर तापतात आणि पकड सुटते. इंजिन तापलं तर रेडिएटरचं झाकण गार होईपर्यंत उघडायचं नाही, आतलं उकळतं पाणी दाबाने अंगावर येतं. चाकामागे लावलेला दगड निघताना उचलून कडेला टाकायचा, नाहीतर रात्री मागून येणारा दुचाकीवाला पडतो. हेही तुमचंच सांगणं.