डॉक्टर मॅडम, आईचं दुखणं खरं मानल्याबद्दल

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

नागिणीच्या खपल्या पडून तीन महिने उलटले तरी आईच्या उजव्या बरगडीखालची आग थांबत नव्हती. पंख्याचा वारासुद्धा सोसवत नसे. ब्लाउजचा काठ टेकू नये म्हणून ती कापड चिमटीत धरून बसायची. येणारे-जाणारे म्हणत, "आता अंगावर काही दिसत नाही, मनातून काढून टाका." तुम्ही कापसाचा बोळा तिच्या पाठीवरून हलकेच फिरवलात, ती कळवळली आणि तुम्ही म्हणालात, "आजी, हे दुखणं खरं आहे." आई तिथेच रडली. त्याबद्दल आधी आभार.

मग केसपेपरच्या मागे तुम्ही पाठीचा कणा काढलात. लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू कण्यालगतच्या नसांच्या गाठींत दडून राहतो. वयाबरोबर त्याच्यावर पहारा करणाऱ्या टी-पेशी थकल्या की तो नसेवाटे त्वचेपर्यंत येतो. बहुतेकदा एकाच नसेच्या पट्ट्यात, एकाच बाजूला. त्यामुळे नागिणीचं तोंड-शेपूट जुळेल ही आईची जुनी धास्तीही गेली.

पुढचं मला अगदी नवीन होतं. जखमी नस स्वतःच सबस्टन्स पी, सीजीआरपी अशी रसायनं सोडून प्रतिकारपेशींना चेतवते. मज्जारज्जूतल्या मायक्रोग्लिया, म्हणजे तिथल्या प्रतिकारपेशी, दाह वाढवणारी रसायनं सोडतात आणि वेदनेचा मार्ग आणखी हळवा होतो. चोर पळाला तरी गुरख्याच्या शिट्ट्या चालूच, असं तुम्ही म्हणालात. त्यात दुखण्याने झोप मोडते, आणि झोप मोडली की प्रतिकारयंत्रणेची घडी आणखी विस्कटते.

म्हणून तुम्ही आधी तिची रात्र सांभाळलीत. गॅबापेन्टिन या नसांच्या दुखण्यावरच्या औषधाचा डोस चक्कर येत नाही ना हे बघत सावकाश वाढवलात. मावशीने आणलेली इम्युनिटीची पावडर बाजूला ठेवून म्हणालात, "हिची प्रतिकारयंत्रणा नको तिथे जागी आहे, तिला आणखी कशाला डिवचायचं?" इतकं स्पष्ट बोलणारं माणूस मला हवंच होतं.

जाताना तुम्ही बाबांनाही थांबवलंत. पन्नाशीनंतर नागिणीची लस घेता येते, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस, आणि पुळ्या दिसल्याच तर ७२ तासांच्या आत औषध सुरू करायचं, हे तुम्ही त्यांच्याकडून वदवून घेतलंत. त्यांचा पहिला डोस झालाय.

आईची आग पूर्ण गेलेली नाही, पण ती आता रात्री सलग झोपते आणि ब्लाउज घालून देवळात जाते. पुढच्या तपासणीला तुमच्यासाठी स्वतःच्या हातचे बेसनाचे लाडू आणायचं तिने ठरवलंय. नाही म्हणू नका.

आपली कृतज्ञ,
आजींची मुलगी