सिद्धू, दुर्बीण राहू दे, आधी वही घे

सोलापूर,
10 मार्च 2025

प्रिय सिद्धू,
सप्रेम नमस्कार.

आठ इंची दुर्बीण घेऊन लघुग्रह शोधायचा तुझा बेत कळला. पैसे मोजण्याआधी आकाशात नव्यानं सापडलेल्या गोष्टींची दोन नावं फोडून बघ.

पहिलं 2024 वायआर4. 22 डिसेंबर 2032 ला पृथ्वीवर आदळेल म्हणून ज्याची गेला महिनाभर चर्चा होती, तोच. वाय म्हणजे डिसेंबरचा दुसरा पंधरवडा. आय सोडून मोजलं तर आर हे सतरावं अक्षर, आणि चार म्हणजे पंचवीस अक्षरांचे चार फेरे संपले. म्हणजे त्या पंधरवड्यात सापडलेला हा 117वा. चिलीतल्या अ‍ॅटलासच्या आकाश आपोआप चाळणाऱ्या दुर्बिणीला तो 27 डिसेंबरला सापडला. दुसरं एसएन 2023आयएक्सएफ, एम101 दीर्घिकेतला अतिनवतारा, म्हणजे स्फोट होऊन फुटलेला तारा. इथे सव्वीस अक्षरांचा हिशोब: 9 गुणिले 676, अधिक 24 गुणिले 26, अधिक 6, म्हणजे त्या वर्षातला 6714वा. तारीख होती 19 मे. वर्ष अर्धंही झालं नव्हतं! तो मात्र जपानच्या कोइची इतागाकी या हौशी निरीक्षकानं पकडला, पंधराव्या प्रतीच्या आसपास असताना. (प्रत म्हणजे तेजाचा आकडा; तो जितका मोठा, तितका तारा मंद.) असे लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकी सगळा बाजार यंत्रांचा.

वायआर4 आदळण्याची टक्केवारी आधी चढली नि मग कोसळली, त्यात कुणी घोळ घातला नव्हता. 2032 मध्ये तो जिथे असू शकेल तो पट्टा सुरुवातीला लांबलचक असतो. निरीक्षणं वाढतात तसा पट्टा आखडतो. पृथ्वी तेवढीच, म्हणून त्यातला तिचा वाटा वाढतो. पट्ट्याचं टोक पृथ्वीवरून सरकलं की वाटा धाडकन खाली. नासाच्या गणितात 18 फेब्रुवारीला 3.1 टक्के होता, 24 ला 0.004.

तुझ्यासाठी खरं काम रूपविकारी, म्हणजे तेज बदलणाऱ्या ताऱ्यांचं. यंत्रांचे कॅमेरे मंद ताऱ्यांसाठी बांधलेले, ठळक तारा त्यांच्यात जळून पांढरा होतो. तिथे डोळा आणि 10×50 ची द्विनेत्री अजून उपयोगी पडते.

सुरुवात मृगातल्या काक्षीपासून (बीटलज्यूस) कर. रात्री आठला मृग चांगला वर असतो. तुलनेला जवळचे दोन तारे घे: प्रश्वा (प्रोसियन) 0.4 प्रतीचा, रोहिणी 0.9. काक्षी दोघांच्या मध्ये वाटली, तर ते अंतर मनात पाच भागांत तोड. प्रश्वापासून दोन भाग खाली असेल तर नोंद 0.6. (2020 च्या फेब्रुवारीत ती 1.6 पर्यंत उतरली होती.) काक्षी आणि रोहिणी तांबूस आहेत, आणि गोची तिथेच आहे: तांबड्या ताऱ्याकडे टक लावली की तो डोळ्यात उजळत जातो. म्हणून भिरभिरती नजर टाकायची, एकावर रेंगाळायचं नाही. दहानंतर रोहिणी पश्चिमेला कलते, जाड हवेतून मंद दिसते, आणि तिच्याशी तुलना केलेली काक्षी वहीत फुकटची उजळ होते. हल्ली धुरळाही फार असतो, म्हणून आठची वेळ मोडू नकोस. आणखी एक खोड: दोन ताऱ्यांतला खालचा जास्त तेजस्वी भासतो. मान तिरकी करून दोन्ही डोळे त्या ताऱ्यांच्या रेषेला समांतर आण. कालचा आकडा मात्र आधी बघायचा नाही, नाहीतर आज तोच दिसेल.

मग टी कोरोनी बोरियालिस. हा तारा उत्तर मुकुट या तारकासमूहात, एप्सिलॉन ताऱ्याच्या अगदी शेजारी. एरवी साधारण दहाव्या प्रतीचा, म्हणजे तुझ्या द्विनेत्रीच्या टोकाला. पण 1866 आणि 1946 मध्ये उफाळून दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीपर्यंत गेला, आणि पुढचा उद्रेक आता कधीही होईल असं म्हणतात. तांबड्या राक्षसी ताऱ्याचा वायू शेजारच्या श्वेतबटूवर, म्हणजे छोट्या, घट्ट, विझत चाललेल्या ताऱ्यावर साठत जातो, आणि थर पुरेसा दाबला गेला की पेटतो. उजेड आठवडाभरात नुसत्या डोळ्यांच्या पलीकडे जातो. म्हणून रोज बघणारा हवा, शनिवार-रविवारवाला नको.

सध्या तो रात्री साडेदहाच्या सुमारास पूर्व-ईशान्येला उगवतो, रोज चार मिनिटं आधी. पहाटे तो आपल्या जवळजवळ डोक्यावर असतो, मंगळवेढ्याच्या सपाट रानात काहीच आडवं यायचं नाही. मुकुटाचा ठळक तारा अल्फेका 2.2, बीटा 3.7, एप्सिलॉन 4.1. नकाशात हे 22, 37, 41 असे छापलेले असतात. दशांशाचा ठिपका ताऱ्यासारखा दिसतो म्हणून गाळतात. टी कोरोनी दिसला नाही, तर त्या भागात दिसलेला सर्वांत मंद तारा लिही: ‘4.1 पेक्षा मंद’. ‘दिसला नाही’ हीसुद्धा पक्की नोंद आहे, तिच्यामुळेच उद्रेकाची वेळ आवळता येते. गुरुवारी होळी, चांदण्यात एप्सिलॉन कदाचित लपेल, पण दुसऱ्या प्रतीचा पाहुणा लपणार नाही. म्हणून खंड पाडू नकोस. खरा काळोख 22 तारखेपासून पाडव्यापर्यंत.

वेळ ज्युलियन दिनांकात, म्हणजे दिवसांच्या सलग मोजणीत लिही. तो जागतिक वेळेच्या दुपारी बाराला बदलतो, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला. अख्खी रात्र एकाच आकड्यात बसते. आज साडेपाचला 2460745 सुरू होतो, रात्री साडेअकराला 2460745.25. नोंदी अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्स या 1911 पासूनच्या संस्थेकडे पाठवायच्या. नोंदणी केलीस की निरीक्षक-संकेत मिळतो.

काक्षीच्या पहिल्या दहा नोंदी आधी मला पाठव. लाल टॉर्च नसेल तर साध्या टॉर्चवर लाल जिलेटीनचे दोन थर लाव, एकानं भागत नाही. आणि अंधारात वीस मिनिटं बसल्याशिवाय पहिला आकडा लिहू नकोस.

तुझा,
अरुण