मिंडेनहून बाबांना पत्र : कॉफीची भांडी, मिक्सर आणि त्यांच्यामागच्या कंपन्या

मिंडेन, जर्मनी

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आपले मोटारी आणि मिक्सर दुरुस्तीचे दुकान चालू ठेवावे की नीलेश म्हणतो त्याप्रमाणे बंद करून त्या जागेत मोबाइलचे सामान विकावे, हा विषय तुम्ही फोनवर काढलात आणि त्याच ओघात विचारलेत की ज्यांचे मिक्सर आणि कॉफीची यंत्रे जगभर खपतात त्या कंपन्या एवढ्या मोठ्या झाल्या तरी कशा. असे विषय फोनवर तुकड्यातुकड्यांनी बोलले जातात आणि हाती काही लागत नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे. हे पत्र नीलेशला वाचायला द्यावे, आणि मोठ्या बाबांनाही दाखवावे, कारण दुकानाच्या बाबतीत त्यांचा शब्द तो सहसा मोडत नाही.

ज्या गावात मी राहते तेथूनच सुरुवात करते. मिंडेन हे कॉफीचा गाळणकागद बनवणाऱ्या मेलिटा कंपनीचे गाव आहे, पण तिचा जन्म ड्रेस्डेन शहरात एका घरच्या स्वयंपाकघरात झाला. मेलिटा बेंट्झ या बाईंच्या काळी कॉफीची पूड पाण्यात उकळत आणि तशीच पेल्यात ओतत, नाहीतर कापडी पिशवीतून गाळत. चोथा दातांत अडके, जास्त उकळल्याने कडवटपणा येई आणि ती पिशवी कितीही धुतली तरी तिचा वास जात नसे. या बाईंनी पितळी भांड्याच्या बुडाला खिळ्याने भोके पाडली, त्यात मुलाच्या शाळेच्या वहीतला टीपकागद बसवला आणि वरून गरम पाणी ओतले. खाली स्वच्छ कॉफी उतरली. १९०८ मध्ये त्यांनी या गाळणीची पेटंट कार्यालयात नोंद केली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ७३ फेनिग भांडवलावर कंपनी नोंदवली. शंभर फेनिगांचा एक मार्क, म्हणजे भांडवल पुरते एक मार्कही नव्हते. नवरा आणि मुले कामाला लागली. १९०९ च्या लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत त्यांच्या बाराशेहून अधिक गाळण्या विकल्या गेल्या. पुढे पहिले महायुद्ध आले, धातू लष्कराकडे गेला, कागदावर नियंत्रण आले आणि नाकेबंदीमुळे कॉफीच येईनाशी झाली, तरी हे घर टिकले. १९२९ मध्ये त्यांनी कारखाना मिंडेनला आणला. कामगारांना पाच दिवसांचा आठवडा आणि अधिक सुट्या देण्याबद्दल मेलिटाबाईंचे नाव आजही आदराने घेतले जाते. या घराण्याच्या इतिहासात काळे पानही आहे, कारण मुलगा होर्स्ट हिटलरच्या एस. एस. संघटनेचा सदस्य होता; ते झाकून केवळ आईची गोष्ट सांगणे मला योग्य वाटत नाही.

या गोष्टीतली व्यापाराची मेख तुमच्या लगेच लक्षात येईल. भांडे गिऱ्हाईक एकदा घेते, कागद मात्र रोज लागतो. कंपनी आजही घराण्याच्याच मालकीची आहे आणि गाळणकागद अजून तिच्या नावानेच ओळखला जातो.

इटलीत गोष्ट निराळी घडली. वाफेच्या दाबाने झटपट कॉफी काढणाऱ्या यंत्राचे पेटंट तुरीनच्या आंजेलो मोरिओंदो यांनी १८८४ मध्ये घेतले, पण त्यांनी त्याचा कारखाना काढला नाही. मिलानच्या लुइजी बेझेरा यांनी १९०१ मध्ये सुधारलेल्या यंत्राचे पेटंट घेतले, आणि ते हक्क विकत घेऊन धंदा उभा केला तो देझिदेरिओ पावोनी यांनी. कल्पना एकाची, सुधारणा दुसऱ्याची आणि बाजार तिसऱ्याचा, असे या क्षेत्रात वारंवार दिसते. ही यंत्रे हॉटेलांची होती. घरात कॉफी आणली ती अल्फोन्सो बियालेत्ती यांनी.

बियालेत्ती हे ॲल्युमिनियमचे ओतकाम करणारे कारागीर होते. फ्रान्समध्ये काम शिकून ते परत आले आणि १९१९ मध्ये त्यांनी उत्तर इटलीतल्या क्रुसिनाल्लो या लहानशा गावात भट्टी घातली. १९३३ चे त्यांचे मोका भांडे मी येथे रोज वापरते, म्हणून त्याचे वर्णन करते. त्याचे तीन भाग आहेत : खाली पाण्याची आठकोनी टाकी, मध्ये पुडीची चाळणी असलेली नळकांडी, वर कॉफी जमण्याचे भांडे. शेगडीवर ठेवले की टाकीतली हवा आणि वाफ पाण्यावर दाब देते, पाणी नळकांडीतून वर चढते, पुडीतून जाते आणि मधल्या खांबाच्या तोंडातून वरच्या भांड्यात उतरते. टाकीच्या अंगाला एक लहान झडप आहे. तिचे काम कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हसारखेच, दाब फार वाढला की वाफ बाहेर सोडणे. झिजण्यासारखी वस्तू एकच, मधले रबरी वायसर, आणि ते आजही कोणत्याही बाजारात मिळते व स्वयंपाक करणाऱ्याच्या हाताने बदलता येते. वीज नाही, मोटार नाही. ज्याने हे घडवले त्याला ओतकाम येत होते आणि घरात कॉफी कशी लागते हेही ठाऊक होते, म्हणून ते असे झाले, असे माझे ठाम मत आहे.

तरीही युद्धापूर्वी ही भांडी आसपासच्या बाजारांतच विकली जात. ती देशभर नेली मुलगा रेनातो यांनी, जाहिरातीच्या जोरावर. त्या जाहिरातीतल्या मिशाळ माणसाचे चित्र अजून भांड्यांवर असते. रेनातो २०१६ मध्ये वारले तेव्हा त्यांच्या अस्थी मोका भांड्याच्या आकाराच्या मोठ्या कलशात ठेवण्यात आल्या. त्या आधीच, २०१० मध्ये, कंपनीने ओमेन्याचा (क्रुसिनाल्लो त्याचाच भाग) मूळ कारखाना बंद केला होता.

विजेवर चालणारे, थेंबाथेंबाने कॉफी गाळणारे यंत्र १९५४ मध्ये जर्मनीतच गॉटलोब विडमान यांनी काढले, आणि अमेरिकेत १९७२ मध्ये आलेल्या मिस्टर कॉफीने ते घरोघरी नेले. यात पंप नसतो, हे कळले की तुम्हाला आनंद होईल. तळाशी ॲल्युमिनियमच्या नळीला चिकटून हीटर असतो. पाणी एकेरी झडपेतून त्या नळीत येते, तेथे उकळून वाफेचे बुडबुडे होतात आणि ते बुडबुडेच पाणी वर ढकलतात. तोच हीटर वरची तबकडी तापवून कॉफीही गरम ठेवतो. एका हीटरने दोन कामे साधणे यालाच मी चांगले यंत्र म्हणते.

येथे महिन्यातून एका शनिवारी रिपेअर कॅफे भरतो. बिघडलेल्या वस्तू घेऊन लोक येतात आणि जाणकार मंडळी त्या विनामोबदला दुरुस्त करून देतात. ही पद्धत २००९ मध्ये मार्टिने पोस्तमा या बाईंनी ॲम्स्टरडॅमला सुरू केली आणि ती जगभर पसरली. तुमच्या हाताखाली शिकलेले काम मी तेथे करते. मागे एका आजीबाईंनी असेच कॉफीचे यंत्र आणले होते. तळ उघडायला तीन पाकळ्यांच्या खाचेचे स्क्रू होते, जे साध्या पेचकसाने फिरत नाहीत. आत गेल्यावर दिसले की केवळ थर्मल फ्यूज, म्हणजे यंत्र फार तापले की वीज तोडणारा भाग, उडाला आहे. हा फ्यूज डागायचा नसतो, कारण कावियाच्या उष्णतेनेच तो उडतो. तांब्याची नळी दाबून जोडावा लागतो. आमच्या हातून ते यंत्र चालू झाले. काही सेंटांच्या भागासाठी ते कचऱ्यात गेले असते, आणि ते स्क्रू लावणाऱ्याला हे नक्की ठाऊक असणार. याचा मला मनापासून राग येतो.

आता मिक्सरकडे येते, कारण आपला खरा संबंध त्याच्याशी आहे. फ्रान्समध्ये झां मांतले यांनी १९३२ मध्ये हाताने फिरवायचे भाजी गाळण्याचे यंत्र काढले आणि त्यातून मूलिनेक्स कंपनी झाली. विजेची कॉफीदळणी, किसणी, मिक्सर असे करत तिने नॉर्मंडीत कारखान्यांची रांग उभी केली. २००१ मध्ये ती बुडाली; हजारो कामगार घरी गेले, त्यांत आयुष्य तेथेच काढलेल्या बायका पुष्कळ होत्या. नाव मात्र सेब या दुसऱ्या फ्रेंच कंपनीने घेतले, जी १८५७ मध्ये पत्र्याच्या वस्तू करणाऱ्या एका कारागिराच्या दुकानातून सुरू झाली होती. त्याच व्यवहारात क्रुप्स हे जर्मन नावही तिच्याकडे गेले. ब्राउनचेही तसेच : १९२१ मध्ये माक्स ब्राउन यांनी फ्रँकफुर्टला सुरू केलेल्या कंपनीच्या नावाने आज जी स्वयंपाकाची यंत्रे विकली जातात, ती २०१२ पासून इटलीच्या देलाँगी कंपनीकडून येतात. म्हणून पेटीवरचे नाव पाहून विश्वास ठेवावा हे मला पटत नाही. ज्याच्याकडे सुटे भाग मिळतात, त्याच्यावर ठेवावा.

आपल्याकडच्या सुमीत मिक्सरची गोष्ट याच ब्राउनपासून सुरू होते. सत्यप्रकाश माथुर हे सीमेन्स कंपनीत अभियंता होते. त्यांच्या पत्नी माधुरी यांच्याकडे परदेशी ब्राउन मिक्सर होता. भारतीय वाटण करता करता तो जळाला आणि भारतात दुरुस्त करणारे कोणी नव्हते. यात बनवणाऱ्याचा दोष नव्हता, ते यंत्र पीठ फेटायला आणि सूप घोटायला केलेले होते. भिजवलेली डाळ, हळकुंड, खोबरे, वाळलेली मिरची यांत पाते अडखळते, फेरे कमी होतात, प्रवाह वाढतो, मोटारीची गुंडाळी तापते आणि तिच्या तारेवरचे वार्निश करपते. पुढचे तुम्हाला सांगायला नको. माथुरांनी १९६३ मध्ये स्वतःची कंपनी काढून भारतीय स्वयंपाकाला पुरेल अशी जोरकस मोटार आणि पोलादी जार असलेला मिक्सर बनवला. आईच्या माहेरी पाट्यावरचे वाटण ज्याने कमी केले तो हाच. भिवापुरी मिरचीचे तिखट आणि जवसाची चटणी त्यात होते की नाही, याची परीक्षा प्रत्येक घराने घेतली आणि तो तिच्यात उतरला. पुढे चेन्नईची प्रीती आणि इतर कंपन्या पुढे निघून गेल्या, आणि प्रीती २०११ मध्ये फिलिप्सने घेतली.

बजाजचे मूळ तर आपल्या वर्ध्याचे. जमनालालजींच्या घराण्याने १९३८ मध्ये रेडिओ लॅम्प वर्क्स या नावाने कंपनी काढली आणि १९६० मध्ये तीच बजाज इलेक्ट्रिकल्स झाली. मॉर्फी रिचर्ड्स हे १९३६ चे इंग्लंडमधले नाव आपल्याकडे ज्या मिक्सर-इस्त्र्यांवर दिसते, त्या भारतात बजाजच विकते.

कॅप्सूलच्या, म्हणजे एका पेल्यापुरती पूड बंद डबीत भरलेल्या, कॉफीबद्दल थोडक्यात. नेस्लेचे एरिक फाव्र यांनी १९७६ मध्ये तिचे पेटंट घेतले आणि १९८६ मध्ये नेस्प्रेसो बाजारात आली. मेलिटाबाईंचीच युक्ती, फक्त कागदाच्या जागी ॲल्युमिनियमची डबी. चव चांगली असते हे मान्य करते. पण प्रत्येक पेल्यामागे एक डबी फेकणे मला रुचत नाही.

आता नीलेशच्या प्रश्नाबद्दल माझे मत. मेलिटाबाई, बियालेत्ती, माथुर यांच्यात समान गोष्ट एकच दिसते : वस्तू वापरणारा आणि घडवणारा एकाच घरात किंवा एकाच गल्लीत होते. कंपनी मोठी झाली की हे अंतर वाढते, आणि त्या अंतरातच तुमच्यासारख्या कारागिराची जागा असते. आर्वी तालुक्यातल्या कोणत्या गावचा मिक्सर कशाने जळतो, कोठे रात्री व्होल्टेज उतरते आणि कोणत्या जारचा बुश वर्षभरात ढिला होतो, हे कारखान्यात कोणालाही माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे. येथे तर वारे उलटे वाहू लागले आहे. फ्रान्समध्ये २०२१ पासून काही वस्तूंवर दुरुस्ती किती सोपी आहे याचे गुण छापणे सक्तीचे झाले, आणि सेब कंपनी १५ वर्षे सुटे भाग देण्याचे आश्वासन जाहिरातीत मिरवते.

म्हणून दुकान बंद करू नये असे मला वाटते. कृषिपंपांच्या मोटारी भरण्याचे काम आहेच. त्याला जोडून नीलेशने कपलर, कार्बन, बुश, पाती आणि जारच्या रबरांचा कंपनीवार साठा ठेवावा, आणि हवे तर मोबाइलचे सामान समोरच्या फळीवर लावावे. त्याला एक वही घालायला सांगावे : आलेला प्रत्येक मिक्सर, त्याचे नाव, काय बिघडले, कोणता भाग लागला. लग्नसराई संपेपर्यंत कोणता माल किती मागवायचा हे त्या वहीवरूनच ठरेल. सुरुवातीच्या मालाचे पैसे मी पाठवते. रक्कम त्याने हिशेब करून कळवावी.

आईला सांगावे की चिखलदऱ्याची कॉफी पोचली आणि मोका भांड्यात ती उत्तम उतरते. बारीक दळलेली नको, किंचित भरड पाठवावी. मोठ्या बाबांना आणि मोठ्या आईंना नमस्कार, नीलेशला आशीर्वाद.

आपली लेक,
वैशाली